वारलूभाऊंची पळती लय

१२ फेब्रुवारी २०२५, नागपूर

आज आमच्या बँडच्या अल्बमसाठी ढोल रेकॉर्ड झाला. म्हणजे झालाच नाही.

वारलूभाऊंना काचेच्या खोलीत एकटं बसवलं. कानाला हेडफोन, हेडफोनमध्ये लय मोजणारी टिकटिक. रेकॉर्डिस्ट म्हणाला, या टिकटिकीबरोबर वाजवा, बस. भाऊंनी खोलीभर नजर फिरवली आणि मला विचारलं, "निशात, नाचनारे कुठी हायेत?" रेकॉर्डिस्ट हसला, आमचा बेसवाला निकेश हसला. मीही हसले — आता त्याची लाज वाटतेय.

एकोणीस वेळा वाजवलं. एकोणीस वेळा टिकटिकीच्या पुढे पळाले. बाहेर आले तेव्हा सदरा घामाने ओला. म्हणाले, "त्या टिकटिकीले पाय नाई बाई. पाहू कोनाकडं?"

१४ फेब्रुवारी, वरोरा

रेकॉर्डिस्टचा फोन. भाऊंचा ढोल वापरण्यासारखा नाही, कॉम्प्युटरवरचा लावून देतो. निकेशने लगेच मान डोलावली. "पुन्याचा फेस्टिवल अल्बमची वाट पाहून राह्यला. एका ढोलासाठी अटकून बसतं काय?"

मी हो म्हटलं. माझ्याच तोंडाने. निकेशवर ढकलायचं नाही.

भाऊंना सांगायचं हे ठरलं. कोणी सांगायचं हे ठरलं नाही.

१७ फेब्रुवारी

झोप लागत नाही म्हणून जुनी फाईल काढून बसले. चंद्रपूरचं कॉलेज, २०१४ — मी, माझी गिटार, निकेशचा बेस आणि इंग्रजी गाणी. उच्चार असे की ऐकवत नाही! मग हिंदी. गॅदरिंग, वाढदिवस, भद्रावतीच्या कॉलनीतला गणपती. बँडचं नाव तेव्हाही 'मुरूम'च होतं, पण गाण्यात मुरमाचा एक खडा नव्हता. ड्रमवाला पुण्याला नोकरीला गेला तेव्हा वाटलं, संपलं.

आणि मग कुरखेड्याच्या पुढच्या एका गावात गोंडांचा रेला नाच पाहिला. बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून नाचत होत्या आणि हा पन्नाशीचा माणूस, वारलूभाऊ, त्यांच्या पायांकडे बघत ढोल वाजवत होता. मोजत नव्हता. पाय पळाले की ढोल पळायचा, पाय थकले की ढोल दमाने घ्यायचा. मी गिटार घेऊन बाजूला बसले. त्या दिवसापासून आम्ही आमच्या बोलीत गायला लागलो. लोक आम्हाला आमच्या आवाजावरून ओळखायला लागले, ते तेव्हापासून.

२० फेब्रुवारी

भाऊंना फोन केला. उन्हाळी धान, त्यांच्या बायकोचे, गुणाबाईंचे गुडघे, गावातली लग्नं, सगळं बोलले. ढोलाचं सोडून.

२८ फेब्रुवारी

अल्बम तयार. अब्बांना ऐकवला. चाळीस वर्षं लोकांच्या पेट्या दुरुस्त करतायत, सूर जरा हलला तरी त्यांच्या कपाळावर आठी येते. आज आठी नाही. "साफ आहे," म्हणाले. आणि चष्मा पुसत: "वारलू बीमार था क्या?"

मी उठून आत गेले.

१ मार्च

अल्बम नेटवर आला. 'काय टाइट वाजलंय', 'आता खरे प्रोफेशनल झालात.' पुण्याहून होकार. तेरा एप्रिल. खाली एक ओळ: ढोल अगदी रेकॉर्डसारखा हवा.

उद्यापासून रोजे. रमजानात तालीम बंद, दरवर्षीचंच आहे. यंदा मात्र सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून आणखी वाईट वाटलं.

९ मार्च

गुणाबाईंचे दोन मिस्ड कॉल. उचलले नाहीत.

भाऊंचा फोन साधा, त्यात नेट नाही — हे दिवसातून दहा वेळा मनाला सांगते. पण त्यांच्या मुलीकडे, रंजीताकडे मोठा फोन आहे. आयटीआयला जाते ती. पोरगी आमचं गाणं ऐकणार नाही, असं कसं होईल?

१५ मार्च

कालची होळी अजून गल्लीत सांडलेली आहे. दार लावून दोन वर्षांपूर्वीचा कुरखेड्याचा कार्यक्रम ऐकला, कोणीतरी मोबाईलवर घेतलेला. चौथ्या कडव्याला ढोल पळतो. त्याच्या मागे माझा आवाज पळतो, श्वास पुरत नाही, आणि तिथेच लोक उठून नाचायला लागतात. मग अल्बममधलं तेच कडवं लावलं. ढोल जागच्या जागी. माझा आवाज जागच्या जागी. कोणी कशाला उठेल?

अकरा वर्षं धडपडून जे सापडलं होतं, ते मी एका फोनवर देऊन टाकलं. चूक त्यांची नव्हती. त्यांना पाय द्यायला हवे होते. खोलीत चार बाया नाचवल्या असत्या तर काय बिघडलं असतं! आम्हाला सुचलंच नाही.

२२ मार्च

निकेश येऊन गेला. "पुन्याले इलेक्ट्रॉनिक पॅडवाला पोट्टा घेऊन जाऊ. भाऊले म्हनू, प्रवास झेपनार नाई तुमाले."

"काऊन? खोटं काऊन सांगायचं?"

"मंग खरं तू सांग. महिना झाला, तोंड शिवून बसली आहेस."

बरोबर बोलला. म्हणूनच मी भांडले. भाऊ नसतील तर मीही नाही, असं सांगून टाकलं. तो चप्पल घालता घालता म्हणाला, "मंग मुरूम संपला समज." दार उघडंच ठेवून गेला.

अम्मी विचारतेय काय झालं. रोजा लागलाय म्हटलं.

२८ मार्च

उद्या भाऊंकडे, पहिली एसटी. वडशापर्यंत एक, पुढे दुसरी. वाक्य पाठ केलंय: भाऊ, अल्बममध्ये तुमचा ढोल नाही, तिथे मशीन आहे, मी हो म्हटलं, चूक माझी. पुढे येत नाही. ते ढोल खुंटीला टांगून ठेवतील, अशी भीती वाटते. चिडले तर बरं. गप्प बसले तर काय करू?

२९ मार्च, कुरखेडा

भाऊ अंगणात ढोल घेऊन बसले होते. समोर रंजीताचा मोबाईल, त्यात आमचा अल्बम. मला बोलूच दिलं नाही. "या पोट्ट्याले कुठून आनलं वं? एकदाबी पुढं नाई पळत. महिना झाला, रोज त्याच्यासंगं वाजवून राह्यलो. तुमी मले काढून टाकान म्हनून गुणा रडते. आता आयक."

पूर्ण गाणं वाजवलं. डोळे मोबाईलवर.

एकदाही पळाले नाहीत.