नावानं हाक मारायची नाही

प्रिय बुतू,

राझाफी गाडीवाला हे पत्र तुझ्या हातात देईल आणि तू वाचून होईपर्यंत तिथंच उभा राहील, तसं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. फोन करून पाहिला. लवंगांच्या गोदामात कुणीतरी उचलतं, "बुतू? माल उतरवतोय," म्हणतं आणि ठेवून देतं. म्हणून लिहिते आहे. आपली हान्ता पाहुण्यांना घेऊन जंगलात गेली ती परतलेली नाही. आठवडा उलटून गेला. ती जिवंत आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण इथं सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलेत, आणि माणसं हळू आवाजात बोलायला लागली की काय समजायचं, ते मला झाफिमारू गेला तेव्हापासून ठाऊक आहे.

नीट सांगते. पाहुणे म्हणजे एक म्हातारा नि त्याची म्हातारी, कुठल्याशा थंड देशातले, गुडघ्यांना पट्टे बांधून चालणारे. त्यांना रेशमी केसांचा पांढरा लेमूर, सिफाका, बघायचा होता. तो खालच्या रानात आता दिसत नाही, म्हणून हान्ता त्यांना दोन डोंगर ओलांडून वरच्या मुक्कामाला घेऊन गेली. ओझं वाहायला लेमेना होता. सकाळी तिनं सगळ्यांना कॉफी करून दिली, "तुम्ही इथंच बसा, कळप कुठं आहे बघते आणि तुम्हाला न्यायला येते," म्हणाली आणि उतरणीला लागली. धुकं होतं. मागून पाऊस आला तो थांबेचना. लेमेनानं अंधार पडेपर्यंत वाट पाहिली आणि दुसऱ्या दिवशी त्या दोघांना एकेक करून पाठीवर घेऊन ओढा पार केला, खाली आणलं. म्हातारी माझे हात धरून रडली. तिची भाषा मला कळत नाही, माझी तिला. रोज येऊन माझ्या ओट्यावर बसते आणि माझ्याबरोबर तांदूळ निवडते. तिनं आपलं विमान सोडून दिलंय.

हे काम दोघांचं, बुतू. तुला मी काय सांगू. एकानं पाहुण्यांजवळ थांबायचं, दुसऱ्यानं पुढं जाऊन जनावर हुडकायचं आणि तिथून हाक द्यायची. मागच्याला त्या हाकेवरून कळायचं, कुठल्या उताराला वळायचं, पाहुण्यांना पळवायचं की सावकाश आणायचं. आता सगळ्या गाइडांकडे फोन आहेत, पण वरच्या मुक्कामाला ते नुसते बॅटरी म्हणून चालतात. हान्तानं जोडीदार घेतला नाही. गावची पोरं मागं लागली, मी मागं लागले. "माझा जोडीदार तुआमासिनाच्या बंदरात लवंगा वाहतोय, कंटाळला की येईल," म्हणायची. रागानं नाही, हसत. मी हे तुला दोष द्यायला लिहीत नाही. ती असं म्हणायची, एवढंच तुला माहीत असावं.

शोधायला खूप माणसं आलीत. शहरातून जवान आले, उद्यानाची माणसं आली, आपली सगळी तरणी पोरं आहेतच. कुणी हात आखडता घेतलाय असं मी म्हणणार नाही. त्यांचा कॅप्टन पोरगेलासाच आहे, पायांना जळवा चावून चावून घोट्यांची चाळण झालीय, तरी पहिला आत शिरतो आणि शेवटचा बाहेर येतो. त्याच्याजवळ मोठा कर्णा आहे. त्यातून तो सकाळपासून "हान्ता! हान्ता!" ओरडतो, आणि ते नाव डोंगरावर आपटून माझ्या अंगणात परत येतं. पहिल्या दिवशी मला त्यानं धीर आला. एवढा मोठा आवाज, म्हटलं, ऐकल्याशिवाय राहते कुठं. दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर होते, पुन्हा ती हाक आली, आणि माझ्या हातातली बादलीच सुटली. तिला नावानं बोलावतायत, बुतू. जंगलात.

तुम्हीच तिला शिकवलंत, तू आणि तिच्या बापानं, झाफिमारूनं. तिचे पुढचे दात पडले होते तेव्हापासून तुम्ही दोघं तिला बरोबर न्यायचात आणि पहिला धडा तोच दिलात. जंगलात कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. तिथं जे काही राहतं ते नाव पाठ करून ठेवतं आणि मग त्याच नावानं, आईच्या आवाजात बोलावतं. ओ दिली की माणूस गेला. नाव ऐकू आलं तर तोंड मिटायचं, खाली बसायचं, आणि आवाज येईल त्याच्या उलट्या बाजूला निघायचं. झाफिमारू तिची परीक्षा घ्यायचा, आठवतं? तू झाडामागून माझा आवाज काढून "हान्ता बाळा, भात झालाय" म्हणायचास आणि ती दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून नेच्याच्या झुडपात शिरायची. घरी येऊन मला सांगायची, "आई, काकाला तुझा आवाज अजिबात जमत नाही, म्हशीसारखा येतो." मी पुस्तकं वाचणारी बाई, पाहुणे जी टाकून जातात त्यांच्यावरच अक्षरं शिकले, त्यामुळे तुम्हा दोघांना हसायचे. जंगलात नावं चोरणारं काही आहे की नाही मला माहीत नाही. मी मानते की नाही याला आज काही अर्थच नाही. ती मानते.

मी कॅप्टनला हे सांगायला गेले. त्यानं मला बसवलं, कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अहो आई, ती शिकलेली मुलगी आहे. तीन भाषा बोलते. पोटात अन्न नाही, अंगावर पाऊस, अशा वेळी असले नियम कुणाच्या लक्षात राहतात?" मी म्हटलं, "बाळा, तुला ताप आला की तू कुणाला हाक मारतोस?" तो म्हणाला, "आईला." मी म्हटलं, "हां. म्हणजे तापात माणूस लहानपणी शिकलेलंच करतो." अर्धा दिवस त्यानं कर्णा बंद ठेवला. पण तेवढ्यात वरून कुणा साहेबाचा माणूस आला, कर्णा का बंद म्हणून विचारलं, आणि पुन्हा सुरू झालं.

परवा लेमेनाला ओढ्याच्या वरच्या अंगाला, पडलेल्या झाडाच्या ढोलीत बसल्याची जागा सापडली. शेवाळ दबलेलं, रानवेलचीची फळं खाऊन टाकलेली सालं, आतून अजून लाल. आणि एका कोवळ्या झाडाची साल हातभर सोलून काढलेली, पट्टीसारखी, वर एक गाठ मारायचा प्रयत्न करून सोडलेली. पायाला बांधायलाच ती सोलली असणार; तिचा पाय मोडलाय. जनावर साल सोलतं, गाठ मारत नाही, हे कॅप्टननंही मान्य केलं. तिथून चिखलात घसटत गेल्याची खूण होती आणि ती वर गेली होती, बुतू. खाली नाही, ओढ्याकडे नाही, माणसांकडे नाही. वर. आदल्या दिवशी कर्णेवाले खालच्या बाजूनं आले होते. माझी पोर मोडका पाय ओढत स्वतःच्याच नावापासून लांब पळते आहे, आणि ते लोक चांगल्या मनानं तिला आणखी आत हाकलतायत. अक्षर लागत नसेल तर राझाफीला विचार, त्याला मी सगळं दोनदा वाचून दाखवीन.

गावच्या पोरांनी त्यांच्या परीनं डोकं चालवलं. बाबाकुतूंचं, त्या मोठ्या लेमरांचं, गाणं फोनवर होतं, ते कर्ण्याला लावलं; म्हणाले, "हान्ताताई ओळखेल की आपलीच माणसं आहेत." झालं काय, तर पाची खोऱ्यांतले बाबाकुतू उठले आणि लागले उत्तर द्यायला. सकाळभर सगळा डोंगर रडत होता. खालच्या लॉजवरचे पाहुणे धावत बाहेर आले, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी फोन वर धरले. एवढं गाणं त्यांना पैसे मोजून कधी ऐकायला मिळालं नसतं. मी अंगणात उभी राहून त्या सगळ्या आवाजांत एक माणसाचा आवाज शोधत होते.

मग मी स्वतः गेले. नदीकाठी, रान सुरू होतं तिथं उभी राहिले आणि तुमची हाक काढून पाहिली. जमेना. कशी जमावी? झाफिमारूनं ती छपराखाली कधी तोंडातून काढली नाही. लग्नाच्या नव्या दिवसांत मी हट्ट धरला होता, एकदा तरी ऐकवा. म्हणाला, "घरात मारली तर बुतू येऊन आपल्या दोघांच्या मधे झोपेल, चालेल?" मी ती फक्त लांबून ऐकली आहे, संध्याकाळी तुम्ही उतरताना, आणि तीही शेवटची शेपटी. सुरुवातीला काय आहे, मधे श्वास कुठं घेता, काही माहीत नाही. मी ओरडले ते ऐकून पलीकडच्या वस्तीतली कुत्री भुंकायला लागली. म्हातारा रामाहे मासे धरत होता, तो म्हणाला, "बाई गं, तुझं डुक्कर हरवलंय का?" मग मला ओळखून त्यानं टोपी काढली आणि जाळं तसंच टाकून माझ्याबरोबर घरापर्यंत आला.

पोरं म्हणतात, बुतूकाकांना फोनवर हाक भरून पाठवायला सांगा, आम्ही वाजवू. पण हाक मारली की पलीकडून अर्धी येते, आणि ती ऐकून इकडच्यानं उरलेली पुरी करायची असते. नाहीतर पलीकडचा समजतो की फसवणूक आहे आणि गप्प होतो. हे हान्तानंच मला सांगितलं होतं. फोन एकच एक ओरडत राहील. तीन माणसांना ती हाक येत होती. एक थडग्यात आहे, एक त्या डोंगरावर आहे.

तू का गेलास ते मला कळतं. चक्रीवादळात कुजलेलं झाड झाफिमारूवर पडलं तेव्हा तू पलीकडच्या धारेवर होतास. तू हाक देत राहिलास, आवाज बसेपर्यंत, घशातून रक्त येईपर्यंत, आणि तिकडून काही आलं नाही. तुमचं रक्त एकमेकांत मिसळलेलं, तुम्ही भाऊ झालेले. त्याला थडग्यात ठेवलं त्या दिवशी तू सगळ्या पूर्वजांसमोर शपथ घेतलीस की ही हाक पुन्हा जंगलात तुझ्या तोंडून निघणार नाही. मी तिथंच उभी होते. मला वाटलं, बरोबर करतोय. मी तुला कधी परत ये म्हटलं नाही, तूही कधी वहिनी कशी आहेस विचारलं नाहीस. दरवर्षी लवंगांची पुडी येते, त्यावरून मी समजते.

काल मी थडग्याशी गेले. गावाच्या वतीनं पूर्वजांशी बोलणाऱ्या लाल काठीवाल्या आजोबांना बोलावलं होतं. रम आणली, नवं पांढरं कापड आणलं. आजोबा कुरकुरले, "शपथ घेणारा लवंगा मोजतोय आणि सोडवायला बायकोमाणूस आलंय. असं मी माझ्या आजोबांच्या तोंडूनही ऐकलं नाही." मी म्हटलं, "ज्याच्यापायी घेतली तो हा इथं पडलाय. मी त्याची बायको. त्याला राग आला तर माझ्यावर येईल." आजोबांनी काठी जमिनीत रोवली, रम ओतली आणि पूर्वजांना एकेकाच्या नावानं उठवून सांगितलं की बुतूचा घसा आजपासून मोकळा आहे. उरलेली रम स्वतः प्याले आणि म्हणाले, "आता त्याला सांग, लवकर ये. म्हाताऱ्यांना उठवून झोपू न देणं बरं नव्हे." तुझ्यावर आता काही नाही, बुतू. विचारायचं तर आजोबांना विचार, गाव साक्षीला होतं.

कॅप्टननं रविवारी शोध थांबवायचा असं वरून आलंय. त्यानं मला ते सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. तू आलास तर एक दिवस कर्णा बंद ठेवीन, नोकरी गेली तरी चालेल, असं त्यानं मला वचन दिलंय. राझाफीची गाडी तुझ्या दारात उभी आहे. ये, वरच्या मुक्कामाच्या धारेवर उभा राहा आणि हाक दे. उत्तर आलं तर ती कुठं आहे ते तुला कळेल, आणि लेमेना तिला पाठीवर घेऊन येईल, तो तर ओढ्याकाठीच झोपतो आता. आणि नाही आलं, तर तेही तूच खाली येऊन मला सांग. हे मागायलाच मी हे पत्र लिहिलं. कर्ण्याला उत्तर आलं नाही म्हणून माझी मुलगी गेली, असं मी कुणालाही म्हणू देणार नाही, कागदावर सही करणार नाही, थडगं उघडू देणार नाही. पण जिवंत असेल तर तुझ्या हाकेला ती ओ दिल्याशिवाय राहायची नाही. तू हाक दिलीस आणि पलीकडून काहीच आलं नाही, तरच मी मानीन की ती गेली. झाफिमारूच्या वेळी तू एकट्यानं ते ऐकलंस. या वेळी मी धारेवर तुझ्या शेजारी उभी राहीन.

तुझीच वहिनी,
सुआझारा