आभार न मानलेलं घर

मॅनेजर या एका शब्दाची मला पडलेली किंमत आधी नोंदवतो, म्हणजे पुढची वाटणी वाचून कोणी डोळे विस्फारणार नाही: डाव्या पायाची दोन बोटं, खडकाच्या धुळीने भरलेली छाती, आणि त्या शब्दाच्या आधी अकरा वर्षं चिकटून राहिलेला 'हंगामी' हा दुसरा शब्द. एवढं देऊन जे हातात उरलं, त्याची ही व्यवस्था.

मी, सायलस कोबिना अर्हिन, वय साठीच्या पुढे, अदुबिम येथील सोन्याच्या खाणीचा निवृत्त मॅनेजर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. मला खोकला आहे, पण खोकल्याने अक्कल जात नाही, हे माझ्या बहिणीचा मुलगा फीफी याने ध्यानात घ्यावे. कोणी धाक दाखवून किंवा पाया पडून हे लिहवून घेतलेले नाही. उलट माझी बायको अराबा ताविया सकाळपासून "लिहू नका" असंच सांगते आहे.

कलम १. खुर्ची. महायुद्ध लागलं आणि गोरे साहेब एकेक करून बोटीवर चढले. जाताना पेनहॅलो साहेब म्हणाला, "अर्हिन, काम सगळं तू बघ. खुर्चीत मात्र बसू नकोस, ती मॅनेजरची आहे." लढाई संपली तरी कोणी परतलं नाही, सोनं कमी लागत होतं आणि मी स्वस्त पडत होतो. शेजारी खोक्यावर बसून मी बाराशे माणसांची खाण चालवली. शेवटी कंपनी बुडाली तेव्हा थकलेल्या पगारापोटी ती खुर्ची उचलून घरी आणली. ती फीफीला द्यावी. बसणं हे एक काम त्याला उत्तम जमतं.

कलम २. खाणीचं छत ठोकून बघायची लोखंडी कांब. ही माझा जुना मुकादम याकुबू याला. माझ्या कानांना खडक कोसळायचा आधीच कळतो, असं इथे बोललं जातं, म्हणून खरं काय ते लिहितो. खडकाला कांब मारली की भरीव आणि पोकळ यांतला फरक कोणालाही ऐकू येतो. फक्त पोकळ ऐकू आलं की लगेच बाहेर पळायचं असतं, आणि तिथेच माणसं विचार करत बसतात. मॅनेजरकी मात्र मी खरंच कानाने शिकलो. तरुणपणी साहेबांच्या टेबलावर वाढायला होतो. सूप वाढणाऱ्यालाही इंग्रजी कळतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही. (ही कांब मिळणार म्हणून याकुबूला या कागदावर साक्षीदार होता येत नाही. त्याला त्याचा राग आला आहे. "मग कांब नको, सही करू द्या," म्हणतो. कांबच घ्यावी.)

कलम ३. लंडनहून आलेल्या तारांचा गठ्ठा. प्रत्येकीत मजकूर एकच: सोनं वाढवा. कंपनीच्या डायरेक्टरांपैकी जो जिवंत असेल त्याला परत पाठवावा. तिकिटाचा खर्च त्याच्याकडून घ्यावा.

कलम ४. घर. तार्क्वाच्या चढावरचं पत्र्याच्या छपराचं पहिलं दुमजली घर माझं आहे. त्याला ना मामाचा हात लागला, ना भावाचा. मॅनेजरने मॅनेजरच्या ऐपतीने बांधलं. ते अराबा ताविया हिला द्यावे.

हे कलम मुळात लिहावंच लागलं नसतं. सेकोंडीच्या कोर्टातल्या साहेबाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो: आमच्यात मामाचं सगळं भाच्याला जातं, बायकोला नाही. जिवंतपणी बायकोला काही द्यायचं तर तिने चार माणसांसमोर जिनची बाटली ठेवून आभार मानायचे. आभार मानले, बाटली फुटली, की वस्तू तिची. नाही मानले, तर दिलेलं न दिल्यासारखं. घर बांधून झालं तेव्हाच मी पंच बोलावून ते तिला दिलं होतं. तिने फक्त बाटली ठेवायची होती. ती हात धुऊन आली आणि उभी राहिली.

"कशाचे आभार?" ती म्हणाली.

पंच घसा कोरडा ठेवून घरी गेले.

आज दुपारी फीफी आला. कलमं लिहिताना मी त्याला अंगणात उभं केलं होतं, तर तो व्हरांडा पावलांनी मोजत होता.

"मामा, गळतं का हो?"

"छाती दुखते. गळत नाही."

"मी छपराचं विचारलं."

मग अर्जनवीस जॉब आक्वा, जो साक्षीसाठी आला आहे, त्याने चौथं कलम वाचून मान हलवली. "कागद चांगला आहे, मॅनेजरसाहेब. पण हा पोरगा सेकोंडीला दावा लावणार. निकाल लागेपर्यंत घराला कुलूप. बाई कुठे झोपणार?"

"लावणारच," फीफी म्हणाला. "इंग्रजांचे कागद आम्ही मानत नाही. आपला रिवाज आहे."

मी अराबाला आत जाऊन हात जोडले. "अगं, अजून वेळ आहे. बाटली ठेव, दोन शब्द बोल. मी मेल्यावर हा तुला रस्त्यावर काढील."

ती विकायच्या केंकीचं, म्हणजे मक्याच्या उकडलेल्या उंड्यांचं, आंबवलेलं पीठ केळीच्या पानात बांधत होती. बांधायची थांबली नाही. "मॅनेजर, घर उभं राहिलं त्या दीड वर्षात तुम्हाला पगार होता का?"

"थकला होता."

"मग विटा कोणी आणल्या? तारांनी?"

"तू केंकी विकत होतीस, हे कोण नाकारतंय?"

"तुमच्याच बाराशे माणसांना विकत होते. तीही उधारीवर. माझ्या घरात बसून माझंच घर मला देता, आणि वर आभार माझ्याकडून हवेत! रस्त्यावर झोपेन, पण आभार नाही मानणार."

अशा बाईपुढे लंडनचे डायरेक्टर बरे. मी बाहेर आलो, खोक्यावर बसलो, खोकलो. मग याकुबूला पिटाळून जिनची बाटली मागवली, आणि साक्षीदार, याकुबू, फीफी सगळ्यांसमोर ती अराबाच्या पायाशी ठेवली.

"अराबा ताविया, तुझ्या घरात मला इतकी वर्षं राहू दिलंस. त्याचे आभार."

तिने हात पुसले. बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बूच काढून स्वतः घोट घेतला आणि म्हणाली, "यांना थोडीच घाला. खोकला आहे."

"मामा! हे कायद्यात बसत नाही!" फीफी ओरडला.

"रिवाजात बसतं. तू रिवाजाचाच माणूस ना? ये, तूही घे."

त्याने घेतली. फुकटची त्याने कधी सोडलेली नाही. म्हणजे आता तोही साक्षीला आला.

सबब कलम ४ रद्द समजावे; जे घर माझं नाही, ते मी कोणाला देणार? दुसरा कागद नाही म्हणून नव्याने लिहीत नाही.

वरील मजकूर आम्हांसमोर वाचला गेला आणि लिहिणाऱ्याने आम्हां दोघांसमोर सही केली.
साक्षीदार: जॉब आक्वा, अर्जनवीस.
साक्षीदार: हेझेकिया एशुन, शाळामास्तर.

तार्क्वा, ता. ९ मार्च १९३४.

(सही) सायलस कोबिना अर्हिन
राहणार अराबा ताविया यांच्या घरी, पाहुणा.