देखभालीची बाई

प्रिय दादा,

फोनच करणार होते. पण फोनवर तू "बरं बरं, बघू" म्हणतोस आणि मी गप्प बसते, हे आपलं लहानपणापासूनचं. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच. राग आला तरी वाच. मलाही आलेला आहे आणि तो शनिवारपासून उतरलेला नाही.

शनिवारी मी बाबांच्या घरी पोचले तेव्हा तू घर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना गच्ची दाखवून खाली आला होतास. दातांच्या डॉक्टरीणबाई, त्यांचे यजमान आणि दलाल पुढच्या खोलीत बसले होते आणि आत्या चहाचा ट्रे धरून उभी होती. उभी, दादा. खुर्ची रिकामी असताना, गुडघ्यांना पट्टे बांधलेले असताना. मी चप्पल काढते न काढते तोच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या या देखभालीच्या बाईंनी घर काय लख्ख ठेवलंय हो!" मी "अहो, ही आमची" एवढं म्हणेपर्यंत तू म्हणालास, "फार वर्षं आहेत आमच्याकडे." आणि आत्याने माझ्याकडे बघून पापण्या मिटल्या. बाबा रागावलेले असले की आपल्याला गप्प करायला मिटायची, तश्शा. मी गप्प झाले. मग यजमानांनी विचारलं, घरात राहणारं कुणी नाही ना, ताबा रिकामा मिळेल ना. तू म्हणालास, "छे, कुणीच नाही." ती तुझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिने तुला विचारलं, "साहेब, साखर घालू?"

साहेब! जन्मभर जी तुला ढब्ब्या म्हणत आली, तिच्या तोंडी साहेब. तुला तेव्हाही काही झालं नाही. तू म्हणालास, "अर्धा चमचा."

ती मंडळी गेल्यावर मी तोंड उघडलं तर तू हसलास. "मी खोटं कुठे बोललो? देखभाल तीच करते ना? फार वर्षं आहे ना?" दादा, मी विमा कचेरीत लोकांचे दावे तपासते. खोट्याला खऱ्याचे कपडे घालून माणसं माझ्या टेबलापाशी रोज येतात आणि मी त्यांना परत पाठवते. पण तीही निदान घसा खाकरतात. तू तेवढंही केलं नाहीस.

तुझी बाजू मला माहीत नाही असं नाही. छापखाना बंद करावा लागला, वहिनी एकटी घर ओढतेय, आणि त्या दलालाने तुझ्या डोक्यात भरवलं की घरात म्हातारं माणूस दिसलं की गिऱ्हाईक पळतं. विकायला माझा विरोध नाही, आधीही नव्हता. मी स्वतःलाही उलटतपासणीला उभं केलं. हा राग खरंच आत्यासाठी आहे, की गिऱ्हाईक ठरवण्याआधी मला विचारलं नाहीस म्हणून? थोडा तोही आहे. रोजनिशीत तसं लिहिलं, मग वाटलं की आपण उगाच प्रामाणिकपणाचा आव आणतोय, म्हणून खोडलं. मग वाटलं, नाही, आहे ते आहे. पण तो भाग बाजूला काढून ठेवला तरी उरलेला राग तसूभर कमी होत नाही.

सोमवारी वकीलबाईंकडे गेले. तुझ्या मनातले प्रश्न आधी विचारले, म्हणजे मी पक्षपात केला असं म्हणायला नको. आत्याचा वाटा आहे का? नाही. घर बाबांच्या नावावर, मृत्युपत्र नाही, आई-बाबा दोघंही गेलेले, तेव्हा वारस तू आणि मी. तिच्या सहीशिवाय विकता येईल का? येईल. इथवर तू जिंकलास. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "पण त्या राहतात कुठे?" मी म्हटलं, तिथेच. तर म्हणाल्या, मग घर रिकामं नाही. इतकी वर्षं राजरोस राहणाऱ्या माणसाचं बोचकं उचलून दारात ठेवता येत नाही, आणि ते माणूस घेणाऱ्यापासून लपवलं तर उद्या तो व्यवहार मोडू शकतो, वर भरपाई मागू शकतो. "करारात 'घरात कुणी राहत नाही' असं लिहिणार आणि खाली सह्या दोघांच्या," त्या म्हणाल्या, "म्हणजे खोटंही दोघांचं."

बाबांनी मृत्युपत्र का केलं नाही, हे तुला आठवतं का? आईने एकदा टोकलं होतं, ताईंचं काही लिहून ठेवा. बाबा चिडले. "तिचं काय लिहायचं? ती काय परकी आहे?" परकी असती तर भाडेपावती तरी असती, दादा. घरची म्हणून कागदावर नाही आणि कागदावर नाही म्हणून घरची नाही! हा कुठला न्याय? आई अंथरुणाला खिळली तेव्हा आत्याने रुग्णालयातली धोबीखान्याची नोकरी सोडली. आपण दोघं कॉलेजात होतो. तिला परत जा असं कुणीच म्हटलं नाही, कारण आपल्याला डबे हवे होते.

तू म्हणशील, एवढं आहे तर ने तुझ्याकडे. विचारलं होतं. ती म्हणाली, "तुझ्या घरी मी पाहुणी म्हणून येईन, ओझं म्हणून नाही." आमच्या दोन खोल्या तिने बघितल्यात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. शनिवारी तू दलालाला सोडायला फाटकापर्यंत गेलास तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आत्याला विचारलं, "आम्ही दोघंही दिवसभर दवाखान्यात असतो. तुम्हीच राहाल का आमच्याकडे कामाला?" आत्या म्हणाली, "मागची खोली मला द्याल?" त्या म्हणाल्या, देऊ की. मला वाटलं, थट्टा चाललीय. नंतर कपबशा विसळताना तीच हसत होती, "खोली तीच, वर पगार, आणि कवळी फुकटात." पण काल तिने मला फोन करून त्या बाईंनी निघताना माझ्याकडे दिलेला नंबर मागितला. थट्टा नव्हती. म्हणाली, "ढब्ब्याचं घर विकलं जाईल, मला हलावं लागणार नाही, तुम्हा दोघांना भांडावं लागणार नाही. बघ, किती सोपं." मी नंबर दिला नाही. मीच डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि ती तुझी-माझी कोण हे सांगितलं. त्यांनी नातं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, घर आवडलंय, पण हे तुमच्या भावाच्या तोंडून ऐकायचंय. उद्या सकाळी त्यांचा फोन येईल. तुला आधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र आजच शेजारच्या काकांच्या हाती पाठवतेय. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. माझी सही हवी असेल तर आपल्या दोघांच्या वाट्यातून आधी आत्याच्या नावावर एक खोली घ्यायची, जिना चढावा लागेल अशी नको, आणि तिचे कागद आपल्या कागदांच्या आधी व्हायचे. व्यवहार मोडला तर मोडू दे. पण त्या घरात तिने पगारावर राहायला मी सही करणार नाही.

तुझीच,
शेंडेफळ