बिननावाचं सोंग

२ मार्च, रविवार

पोचलो एकदाचे. जव्हारहून मोखाड्यापर्यंत एसटी, पुढे सूर्यमाळच्या वाटेला जीप. जीपमध्ये आम्ही दोघं, वळकटी, स्टोव्ह आणि कुणाची तरी कोंबडी, तीही माझ्याच मांडीवर. पायांचे तुकडे पडलेत, पण जागा बघून जीव सुखावला. चहूकडे रान, पळस फुललेला, आणि मधोमध हे नवं संग्रहालय. लांबट कौलारू दालन, त्याला लागून मागे आमची खोली. दोहोंत भिंत एकच. पलीकडे देव आणि राक्षस, अलीकडे आपली चूल, असं म्हटलं तर हे इतके हसले की यांना दम लागला. छातीतली पेटी वाजायला लागली. दम्याची जुनी पेटी, आता तिचीही सवय झालीय.

किमया, वही तू दिलीस म्हणून तुलाच सांगते. तुझ्या आजोबांनी जन्मभर जव्हारच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. इथे त्यांनी बोहाड्याच्या जुन्या मुखवट्यांचे उडालेले रंग भरायचे, मी झाडलोट आणि चहा बघायचा. बोहाड्यात हे मुखवटे चढवून माणसं संबळावर नाचतात, हे तुला ठाण्यात कोण सांगणार? मुखवट्याला इकडे सोंगच म्हणतात. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन वाणसामानाच्या पुड्यांवर झालं, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ बघू नकोस.

५ मार्च, बुधवार

दालन झाडता झाडता कंबर धरली. पण सोंगं बघत राहावीत अशी. गणपती, भीम, रावण, त्राटिका. शेवटच्या खुंटीवर मात्र एक म्हातारा आहे, ना देव ना राक्षस. तोंड किंचित उघडं, जणू कुणी बोलावतंय का म्हणून कान देऊन बसलाय. इथले व्यवस्थापक चैतन्यसाहेब, पोरगेलेसे आहेत, त्यांनी पाटीवर लिहिलंय : नाव माहीत नाही.

दुपारी सुकऱ्यादादा आले. भीमाचं सोंग त्यांच्या घरचं. इथे दिलं खरं, पण करमत नाही म्हणून भेटायला येतात, जशी सासरी दिलेली लेक. त्यांनी घरची रीत सांगितली. नाचून झालं की सोंग आपल्या हातानं काढायचं नाही. घरच्या माणसानं नाव घेऊन हाक मारायची, आतून ओ आली की मगच उतरवायचं. सोंगात गेलेला माणूस नावावर परत येतो म्हणे. मी विचारलं, बायको घेते का तुमचं नाव? तर म्हणाले, तिच्या तोंडी कुठलं येतंय, पोरीला उभी करतो.

त्या म्हाताऱ्याबद्दल विचारलं तर मान हलवली. ज्या घरचा तो होता ते घर बुडालं. बोहाड्यात एकेका सोंगाचं नाव पुकारतात तेव्हा ते आत येतं. याला नावच नाही, म्हणून पुकारा नाही, नाच नाही. नुसता ताटकळलाय.

९ मार्च, रविवार

पाहुण्यांच्या मोटारीच मोटारी. चहा करून हात गळाले. चैतन्यसाहेबांना फोटो हवा होता, सोंग चढवलेल्या माणसाचा. भीम यांना पेलेना, म्हणून यांनी तो म्हातारा चढवला. वर म्हणाले, म्हाताऱ्याला म्हातारा, रंगही भरायला नको. दोन पावलं नाचले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बराच वेळ तसेच उभे राहिले.

मला ती रीत आठवली. पण यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आई म्हणायची, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य उणं होतं. आणि एवढ्या परक्या माणसांत? मी आपली नेहमीचीच हाक मारली : अहो. आतून ओ आली, जरा घोगरी. सोंग उतरवून खुंटीला लावलं. घरी माझा भात करपला होता.

११ मार्च, मंगळवार

हे अगदी टुणटुणीत झालेत. खालच्या झऱ्यावरून भरला हंडा घेऊन चढ चढून आले आणि दम म्हणून नाही. म्हटलं, हवा मानवली, देव पावला. मलाच काय झालंय कळत नाही, पाठ टेकली की उठवत नाही.

एक मात्र खटकलं. मी चहात साखर घालायला विसरले होते, यांनी तो गुपचूप पिऊन टाकला. एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. आणि मला पुष्पलता म्हणाले. जन्मभर पुष्पे म्हणत आलेला माणूस.

१४ मार्च, धुळवड

दुपारी आडवी झाले होते. शेजारी हे झोपलेले. पेटी वाजत होती, तिच्या सुरावर माझाही डोळा लागत होता. मग वाटलं, सूर लांबून येतोय. यांच्या छातीवर हात ठेवला. छाती गप्प. पेटी भिंतीपलीकडे वाजत होती.

दालनाला कुलूप होतं. किल्ली माझ्याच उशाखाली.

१५ मार्च, शनिवार

दालनातली जळमटं काढायला शिडीवर चढले. सवयीनं म्हटलं, अहो, जरा शिडी धरा. ओ आली. दमलेली, यांचीच. शेवटच्या खुंटीकडून.

हे बाहेर लाकडं फोडत होते. घाव ऐकू येत होते मला.

१६ मार्च, रविवार

सुकऱ्यादादांना सगळं सांगितलं. वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, बाय, आहो तं कोनाचाबी असतो. त्याला नाव नाय आन् तुझ्या हाकेला नाव नाय. तुझा धनी ओ देयाच्या आदी त्यानं दिली, तो भायेर आला. तुझा आतच ऱ्हायला.

उपाय एकच. सोंगासमोर उभं राहून घरच्या माणसानं नावानं हाक मारायची. पण आधी ओ देईल त्याचं ते नाव, कायमचं. म्हणून तो दुसरा जवळपास नको.

चैतन्यसाहेब सांगून गेले की बुधवारी सकाळी टेम्पो येणार. सोंगं प्रदर्शनाला जाणार, कुठे दूर, उत्तरेत. परतायला वर्षही लागेल म्हणे.

दमलेय. आता यापेक्षा जास्त लिहवत नाही.

१७ मार्च, सोमवार

यांना नावानं हाक मारणारं आता आहे कोण? सासूबाई गेल्या, थोरले दीर गेले, पाटीवाले दोस्त गेले. मुलगा पराग यांना बाबा म्हणतो, तू आजोबा, चैतन्यसाहेब काका. मी अहो. माणसाचं नाव झिजत झिजत नुसतं रेशनकार्डावर उरतं, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

आज जेवताना तो — हे — हसून म्हणाले, पुष्पलता, एकदा माझं नाव घे ना. किती वर्षांत घेतलं नाहीस.

यांनी असं कधी मागितलं नव्हतं. मी ताट उचललं.

१८ मार्च, मंगळवार

दालनात जाऊ देत नाही. मागेमागे येतो. दहादा तेच, घे ना नाव. कसा लाडीगोडीनं बोलतो.

भिंतीला कान लावला. पेटी मंद झालीय. मधेच थांबते. मी हळूच म्हटलं, अहो, जरा दम धरा. ओ आली. मग खोकला.

शेजारून पण — शेजारून पण ओ आली.

१९ मार्च, सकाळ

त्याला झऱ्यावर पाठवलंय. दोन हंडे दिलेत, म्हटलं, पूजेला ताजं पाणी हवं.

दालनात आहे. बाकीची सोंगं खोक्यात गेली. हे एकटे खुंटीवर. टेम्पोचा आवाज घाटात —

तोंड उघडलं. अहोच आलं. पुन्हा उघडलं. पुन्हा अहो. जिभेला वळणच नाही. आई आठवते. आयुष्य उणं होतं —

हे बघतायत. डोळ्यांच्या खाचा ओल्या आहेत.

उखाणा म्हणून बघते. पळस फुलला रानात, सूर्यमाळच्या — पुढची ओळ नावाची, तिथेच अडले.

लिहून काढते. लिहिलं की वाचायचं, बस्स. वाचायला काय लाज. किमया, मी वाचू शकले नाही तर तू ये, इथे उभी राहा, मोठ्यानं वाच. आजोबा म्हणू नकोस. नाव वाच.

चढावर हंडे वाजले. एवढ्यात? कुणी धापा टाकत नाहीय —

यांचं नाव मधु—

दारातून ओ आली. मी तर अजून हाकच