धूमकेतू आणि वरवंटा

२३ मार्च १९९७, रविवार
भाईंदरची हवा किळसवाणी. खाडीचा वास, गटाराचा वास, वर बांधकामाची धूळ. इथे विज्ञान कसं रुजणार? तरी धूमकेतूचा फोटो मी काढणार म्हणजे काढणार. आरसा स्वतः घासून बनवलेल्या माझ्या दुर्बिणीतून. सोसायटीच्या बोर्डावर लिहून टाकलं : पाडव्याला फोटोचं अनावरण. केबिन रोडला फ्रेमची ऑर्डरही दिली.

संध्याकाळी अख्खी बिल्डिंग गच्चीवर, तोंडं वर करून. बायको हाका मारत होती, अहो, बघा तरी. नाही म्हटलं. बघेन तर माझ्याच फोटोत. नुसत्या डोळ्यांनी कावळेही बघतात.

२८ मार्च, गुड फ्रायडे
ऑफिसातल्या मोझेसचा रशियन कॅमेरा आणला, दुर्बिणीला जोडला. सगळं धूसर. कारण सापडलं. प्रतिमा कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही, नळीतच जुळते. आरसा पुढे आणायला हवा. म्हणजे पाइप खालून थोडा कापायचा. किरकोळ काम.

३० मार्च
पाइप वरून कापला गेला. वरून कापून उपयोग नसतो हे मला माहीत होतंच. करवतीला सराव झाला.

२ एप्रिल, रात्री
खालून कापला. जरा जास्तच. आता प्रतिमा बहुधा समोरच्या मंदावहिनींच्या किचनमध्ये पडते. पावडरच्या डब्याचा तुकडा मध्ये घालून कॅमेरा मागे घेतला. रस्त्यावरच्या दिव्यावर फोकस केला. दिवा झकास दिसला. पिवळा, घाणेरडा, पण झकास.

४ एप्रिल
कॅमेऱ्याच्या वजनाने दुर्बीण मान टाकते. मागच्या टोकाला वरवंटा बांधला. वासंती म्हणाली, पाट्यावर मी आता काय, कपाळ घासू? बायकोला बॅलन्स कळत नाही.

५ एप्रिल
गच्चीवरून जवळजवळ पूर्ण रोल मारला. कॅमेऱ्यात बघितलं तर नुसता काळोख. पण फिल्मला डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं.

शेवटचा एक फोटो उरला. वासंती हट्टाला पेटली, सगळ्यांचा काढू. मोझेस पालीहून मुद्दाम आलेला, तोही म्हणाला, काढ रं, एकाने काय होतंय. कॅमेऱ्याला त्याची नेहमीची लेन्स लावून टाकीच्या कठड्यावर ठेवला. बटण सोडेपर्यंत फिल्मवर उजेड पडत राहतो. ती ते दाबून बसली आणि सोडू का, सोडू का विचारत राहिली. मी लक्ष दिलं नाही. वाकून वरवंट्याची सुतळी सोडत होतो.

७ एप्रिल
स्टुडिओवाला नालायक. म्हणे, साब, पूरा रोल काला है, एक ही फोटो निकला. तो वासंतीचा. सगळे माना वर करून उभे, मध्ये माझी पाठ. आणि वर आकाशात खडू पुसल्यासारखा पांढरा डाग. डेव्हलप करताना हात तरी धुवावेत. तो शपथा घ्यायला लागला, निगेटिव्ह में भी है. मी चांगलाच झापला. डागाचा भाग कापून उरलेला मोठा करून घेतला. बोर्डावर लिहिलंय, काहीतरी लावलं पाहिजे.

८ एप्रिल, पाडवा
अनावरण झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वासंती फ्रेमजवळ बराच वेळ उभी राहिली. वरचा भाग कुठंय, तिने विचारलं. डाग होता, कापून टाकला, मी सांगितलं.

अहो, तोच होता तो, ती म्हणाली. मोठ्याने नाही. तेवढी तरी दया केली.

वरवंटा धुऊन परत दिला. संध्याकाळी तिने चटणी वाटली, मग दारात येऊन म्हणाली, वर चला, अजून दिसतो.

नाही गेलो. आता कोणत्या तोंडाने बघू?