विस्तव मागायला

९ जानेवारी १९८४, सोमवार
डाव्या कानात अजून गुणगुणतंय. भाजीत मीठ जास्त म्हणून ह्यांची थप्पड – एवढंच! शेजारी आनंदीबाईंचा रेडिओ ठणाणा. भिंत एकच आमची. माझं रडणं कानावर नको म्हणून गाणी मोठी करतात बाई. त्यांचे यजमान नाना, निवृत्त हेडमास्तर, मुंगीवर पाय देणार नाहीत. अशा घरात राहून बाईला दुसऱ्याची कणव नाही! मला ह्यांच्याइतकीच तिची चीड येते.

१२ जानेवारी
मुंबईहून सरोजिनीताई आल्यात. नवऱ्याचा मार खाल्लेल्या बायका पुढे कशाच्या बळावर सावरतात, याचा अभ्यास करताहेत. खेड्यात फिरायला, लिहून घ्यायला सोबत हवी. हे चटकन म्हणाले, "आमची सुनीती येईल की! समाजकार्याची फार आवड तिला." कर्जतच्या वकीलसाहेबांची बायको ना मी! पदर कानावरून घेतला आणि चहा टाकला.

१७ जानेवारी
ताईंबरोबर कशेळ्याला गेले. बौद्धवाडीत मालनबाईंच्या ओट्यावर बसलो. ताईंनी विचारलं, मार पडायचा तेव्हा सगळ्यात जास्त आधार कशाचा झाला? मला वाटलं, माहेराचा म्हणतील. मालनबाई म्हणाल्या, "इस्तवाचा."

मार सुरू झाला की बाई हाताला लागेल ते भांडं अंगणात फेकते. आवाज ऐकून शेजारणी एकेक गोवरी घेऊन येतात – "इस्तव दे गं." आणि चुलीपाशी बसतात. उठतच नाहीत!

"आमी भांडत नाय, त्याला काय बोलत नाय," मालनबाई म्हणाल्या. "इस्तव मागायला आलेल्या बायांना कोन हाकलील? चार जनी बसल्या की हात आपसूक खाली येतो."

शेजारच्या पारूबाई मागून म्हणाल्या, "आन् आमी तिला जेवाय लावतो. एकटीला घास उतरत नाय."

मी लिहीत होते. अक्षर दिसेना. मालनबाईंनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "तुमच्यात कोन येतं, बाई?"

आमच्याकडे गॅस आहे. विस्तव मागायला कोण येणार?

१८ जानेवारी
नळावर आनंदीबाईंना सगळं सांगितलं. मुद्दामच! बघू लाज वाटते का. कळशी भरून वाहायला लागली तरी ऐकत राहिल्या. "कुठलंही भांडं चालतं?" एवढंच विचारलं.

२२ जानेवारी, रविवार
हे अलिबागला गेलेत. घर शांत. तरी शेजारचा रेडिओ सकाळपासून ठणाणा! आज तर मी रडतही नाही. सवयच लागली असेल.

२६ जानेवारी
हे झेंडावंदनाहून आले. उपमा गार झाला होता.

दुसऱ्या थपडेला मी तांब्या मागच्या अंगणात फेकला. दगडावर केवढा वाजला! हेसुद्धा क्षणभर थांबले. मी दाराकडे बघत राहिले. आज रेडिओही बंद होता, म्हणजे ऐकू गेलाच असणार. कोणी आलं नाही. कोणी म्हणजे कोणी नाही! मग ह्यांनी तांब्या मलाच उचलून आणायला लावला. चांगलाच पोचा पडलाय.

२७ जानेवारी
नळावर आनंदीबाई हळूच म्हणाल्या, "काल यायचं होतं हो. येता आलं नाही." मी तोंड फिरवलं. का, ते विचारलंही नाही.

३० जानेवारी
नदीवर बराच वेळ उभी होते. दुधाची वेळ झाली म्हणून परतले. माझं एवढंच उरलंय – दुधाची वेळ. ताई विचारत होत्या, सुनीती, तुमची तब्येत बरी आहे ना? बरी आहे म्हटलं. कंटाळा आलाय मला बरं असण्याचा.

५ फेब्रुवारी, रविवार
सकाळी शेजारचा रेडिओ ठणाणा – आणि त्यातूनही ऐकू आलं, त्यांच्या अंगणात भांडं पडलं. मग दुसरं. मग नानांचा आवाज. नानांचा! देवा, तो रेडिओ माझ्यासाठी नव्हताच कधी.

"कुठे निघालीस?" हे ओरडले. मी गेले. नानांनी दार उघडलं. मी म्हटलं, "विस्तव आहे का?" आणि सरळ आत जाऊन गॅसच्या शेगडीपाशी बसले. आम्ही दोघी तिथेच जेवलो.

दुपारी घरी यायला निघाले. ह्यांना न जुमानता आले होते, आता माझी पाळी होती. आनंदीबाईंनी पायात चपला घातल्या आणि माझ्याबरोबर आल्या – विस्तव मागायला.