मुलाखतीत हसला म्हणून

वसतिगृह, वरचा मजला
३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र पोचलं. हे तुझ्या बस डेपोच्या पत्त्यावर पाठवतोय, म्हणजे आपल्या घरच्या टपालावर डोळा ठेवणाऱ्यांना माझं अक्षर दिसायला नको. पत्र सांभाळणाऱ्या तुझ्या कंट्रोलरसाहेबांना माझा नमस्कार सांग.

माझं ठीक चाललंय. खोलीत तीन खाटा आणि एक खिडकी. ती अर्धीच उघडते, बाहेरून पट्टी मारलीय. शेजारच्या खाटेवर एक वेल्डर असतो. माणूस दारात मावत नाही एवढा, पण उशीचा अभ्रा रोज धुऊन वाळत घालतो. त्याची भाषा वेगळी, माझी वेगळी. दोघं मिळून इथल्या भाषेची मोडतोड करतो. दोघांच्या चुका सारख्याच, त्यामुळे आमचं मस्त जमतं. तिसऱ्या खाटेवर माणसं येतात आणि जातात.

काम करायला बंदी आहे. स्वयंपाकालाही बंदी. जेवण झाकणाच्या ट्रेमधून येतं आणि सगळ्याची चव झाकणासारखी लागते. सकाळी हजेरीसाठी दार वाजवतात. वाजलं की आम्ही दोघंही ताडकन उभे राहतो.

आश्रयासाठीची मुलाखत झाली. दुभाषी बाई मराठी निघाल्या. इतक्या महिन्यांनी कुणी मला आपल्या भाषेत बसायला सांगितलं, त्यानेच भरून आलं. सगळं सांगितलं. पोलीस संपकऱ्यांना मारत होते त्याचे फोटो मी काढले ते, ते छापून आल्यावर स्टुडिओत घुसलेली माणसं, मला कॅमेरा धरायला शिकवणाऱ्या उस्तादांना मारलं ते, आग. मुलाखत घेणारा साहेब मान खाली घालून टाइप करत होता. मध्येच मागे जाऊन तेच पुन्हा विचारायचा. आता निकाल येईल तेव्हा येईल.

झोप जरा कमी झालीय, बाकी काही नाही. दाढी वाढवलीय, वेल्डरने काढलेला फोटो सोबत आहे. तू इथे असतीस तर कात्री घेऊन धावली असतीस.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा
ढब्बू


बस डेपो
२४ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

सोबतचा फोटो पाहिला. या माणसाला कुणी ढब्बू म्हणेल का रे? गालफडं बसलीत. ट्रेनमधलं जेवण झाकणासारखं लागतं म्हणे! ट्रेमधलं लिहायचं होतं, बघ, रागात हातसुद्धा घसरतो. चव नसली तरी गिळ. हा ताईचा हुकूम आहे.

इकडे बरं आहे. काल एक गृहस्थ पास घरी विसरले आणि वर मलाच कायदा शिकवायला लागले. मी त्यांना म्हटलं, काका, बस थांबवू का तुमच्या भाषणासाठी? अख्खी बस हसली. तुझी भाची चष्मा लागला म्हणून रुसलीय. मामाने फोटो काढला तरच घालीन म्हणते.

आता खरं बोलते. तुझं पत्र मी वाचलं आणि मला ते आवडलं नाही. तू कुठेही गेलास तरी तिथला उजेड कसा पडतो ते लिहायचास, मला कंटाळा येईपर्यंत लिहायचास. या पत्रात तू खोलीच्या बाहेरच पडलेला नाहीस. झोप ‘जरा’ कमी म्हणजे किती कमी? आणि काम करायला बंदी हे कसलं शहाणपण? धडधाकट माणसाला खाटेवर बसवून ठेवायचं आणि म्हणायचं, वाट बघ. मला माझ्या रजेच्या दिवशी दुपारपर्यंत घरात चैन पडत नाही.

तिथे डॉक्टर असेल त्याला दाखव. लाजू नकोस.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
ताई


वसतिगृह
२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

अर्ज नाकारला. कारणं लेखी दिलीत. इथे मला मिळालेल्या वकील बाईंनी समजावून सांगितली. फोटोग्राफर असून माझ्याकडे मी काढलेला एकही फोटो नाही, हे पटण्यासारखं नाही म्हणे. स्टुडिओ जळला हे मीच सांगितलं होतं. एकदा मी म्हणालो की मागच्या दाराने पळालो, दुसऱ्यांदा म्हणालो खिडकीतून. आणि उस्तादांना कसं मारलं ते सांगताना अर्जदार हसत होता, सबब प्रसंग बनावट वाटतो.

मी हसलो असेन. मला आठवत नाही.

अपील करता येतं. बाई म्हणाल्या, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि या वेळी नीट. मी खाटेवर बसून नीट आठवायचा प्रयत्न करतो. दार होतं की खिडकी? रोज वेगळं दिसतं. हजेरीचं दार वाजतं तेव्हा वाटतं तीच माणसं आलीत. मग वाटतं, कुठली माणसं? एवढा शिकलेला साहेब, शेकडो लोक बघितलेला, तो म्हणतो घडलं नाही. त्याला काय माझ्याशी वैर आहे?

ताई, एक विचारतो, रागावू नकोस. उस्ताद खरंच गेले ना? तू पाहिलंस ना?

ढब्बू


बस डेपो
१६ एप्रिल

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

हो. गेले. मी पाहिलंय. शवागारात उस्तादांची बायको आणि मी, आम्ही दोघी गेलो होतो. त्यांच्या डाव्या हाताची बोटं फोटो धुण्याच्या डेव्हलपरने पिवळी पडलेली होती, त्यावरूनच तिने ओळखलं. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. हे मी तुला कधी लिहिणार नव्हते. आता लिहायला लावलं त्या साहेबाने.

आणि मागचं दारही खरं आणि खिडकीही खरी. दाराला बाहेरून कडी घातली होती म्हणून तू मोरीच्या खिडकीतून उडी मारलीस. ती मोरी मागच्या दाराला लागूनच आहे. माझ्या घरी येऊन तूच हे सांगितलंस तेव्हा तुझ्या पोटरीत काच होती, मी चिमट्याने काढली. आता बोल. यात खोटं काय आहे?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय. हसला म्हणून खोटारडा! त्याला म्हणावं, माझा भाऊ घाबरला की हसतो. लहानपणी हात मोडला तेव्हा डॉक्टरांसमोर दात काढून बसला होता आणि आईने पाठीत धपाटा घातला. बाबा गेले त्या दिवशी दारात बसून हसत होता, लोक नाही नाही ते बोलले. घरातल्या पोरासोरांना कळतं ते या पगारी शहाण्याला कळू नये? रडायचं कसं, कधी, किती, याचा नमुना त्याने भिंतीवर लावून ठेवायला हवा होता, म्हणजे लोक आधी तालीम करून आले असते.

तुझ्या तोंडातून तुझंच आयुष्य काढून घेतायत हे, आणि तू त्यांना शिकलेला साहेब म्हणतोस!

हे पत्र वकील बाईंना दे. शपथेवर हवं तर शपथेवर देते. उस्तादांची बायकोही सही करायला तयार आहे, तिला आता कुणाची भीती राहिली नाही.

जेव. बाहेर पड. मला लिही. लगेच लिही.

ताई


३० एप्रिल

सौ. ताई यांस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. तुमच्या भावाच्या मुलाखतीत मी दुभाषी होते. पत्ता तुमच्या पाकिटावरून घेतला, त्यांना विचारून.

आधी महत्त्वाचं सांगते. ते जिवंत आहेत, रुग्णालयात आहेत, धोका टळला आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला. त्यांच्या खोलीतला वेल्डर पायऱ्यांवरून परत फिरला, का ते त्यालाही सांगता येत नाही, आणि त्याने त्यांना उचलून खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत नेलं. तुमचं पत्र त्यानंतर आलं. तोच ते घेऊन आला. रुग्णालयाने दुभाषी म्हणून मलाच बोलावलं होतं; भावाला स्वतः वाचता येईना, म्हणून मी वाचून दाखवलं. शवागाराचा भाग वगळू का विचारलं तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, मोरीची खिडकी. एवढंच.

त्या मुलाखतीबद्दल सांगते. ते हसत होते हे खरं आहे. ओठ हसत होते आणि टेबलाखाली दोन्ही पाय थरथरत होते. साहेबाच्या जागेवरून पाय दिसत नव्हते, माझ्या जागेवरून दिसत होते. मी तेव्हाच बोलले. त्यावर मला सांगण्यात आलं की माझं काम शब्दांचं आहे, पायांचं नाही. पुढच्या महिन्यापासून मला बोलावणं बंद झालं. बरंच झालं, आता अपिलात साक्ष द्यायला मी मोकळी आहे.

इथली डॉक्टरीण तर संतापली आहे. ज्याच्यावर असं काही गुदरलंय त्याच्या आठवणीचे तुकडे होतातच, हे तिच्या शास्त्रात पहिल्या वर्षी शिकवतात म्हणे. आजाराचं लक्षण हाच खोटेपणाचा पुरावा ठरवतात, आणि तो आजार वाढेल अशी व्यवस्था करतात, असं तिने तिच्या अहवालात लिहून दिलंय.

कळावे. आपण न भेटताही घरच्या झालात, तसं मलाही माना.

आपली,
दुभाषी


बस डेपो
१२ मे

चि. ढब्बूस,
खूप आशीर्वाद.

रागावणार नाही. अजिबात नाही. दुभाषी बाईंचं पत्र वाचलं तेव्हा ड्यूटीवर होते. पुढची तिकिटं कशी फाडली देव जाणे. मग ड्रायव्हरदादांनी गाडी बाजूला घेतली आणि प्रवाशांना सांगितलं, जरा थांबा.

तू आम्हाला नको झालेला नाहीस. तुला हे कुणी सांगायची गरज पडावी, इथपर्यंत त्यांनी तुला आणलं. चूक तुझी नाही. तू आजारी आहेस, आणि आजारी माणूस औषध घेतो. एवढंच सध्या तुझं काम. आठवायचं काम माझ्याकडे दे. दोन्ही शपथपत्रं रवाना केलीत.

दुभाषी बाईंना आणि त्या वेल्डरला माझा नमस्कार सांग. त्याला माझं नाव ताईच सांग.

तू आहेस, यातच माझं सगळं आलं.

ताई


८ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

अपील मंजूर झालं. तार करावी इतकी बातमी आहे आणि मी दोन दिवस पत्र लिहायला बसलोच नाही.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी तुझं शपथपत्र वाचलं, डॉक्टरणीचा अहवाल वाचला, दुभाषी बाईंना प्रश्न विचारले. मला फार थोडं विचारलं. अडखळलो तेव्हा पाणी दिलं. दुपारपर्यंत सगळं संपलं. ताई, मग हे पहिल्यांदाच का नाही जमलं? एवढं सोपं होतं, तर मला तिथपर्यंत का नेलं?

राहण्याचा परवाना देताना काउंटरवरच्या माणसाने अभिनंदन केलं आणि म्हणाला, आता या देशाचे आभार माना. मी आभार मानले नाहीत. दुभाषी बाईंचे मानले, डॉक्टरणीचे मानले, वेल्डरला मिठी मारली. त्या काउंटरला कशाचे आभार? माझंच होतं ते मला परत दिलं, तेही मोडून.

गोळ्या अजून चालू आहेत, वर्षभर तरी राहतील. दार वाजलं की अजून ताडकन उभा राहतो. पण राग येतो, ताई. कडकडून येतो. डॉक्टरणीला घाबरत घाबरत सांगितलं, तर ती खूश झाली.

वेल्डरचा अर्ज दुसऱ्यांदा नाकारला होता. आज त्याची पुन्हा मुलाखत होती. तो खोलीतून बाहेर पडेना, म्हणून मी सोबत गेलो. आत न्यायला आलेल्या माणसाने मला हटकलं. इथे फक्त नातेवाइकांना थांबता येतं, तुम्ही यांचे कोण, असं विचारलं. रंग वेगळा, भाषा वेगळी, अंगापिंडाने तो माझ्या दुप्पट. मी सांगितलं, भाऊ. त्याने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मी दाराजवळच्या बाकावर बसलो आणि त्याला म्हटलं, लिहा.

त्याने लिहिलं. हे पत्र त्याच बाकावर बसून लिहितोय. दार अजून बंद आहे.

माझ्यावर जेवढी माया करतेस त्यातली थोडी आता यालाही द्यावी लागेल.

तुझा
ढब्बू